दृष्टिरेषा आणि गोळीबार : लघुप्रतिमांच्या युद्धखेळातील नियमांचा ऐतिहासिक अभ्यास (१७८० ते २०२३)

सारांश

टेबलावर किंवा जमिनीवर लहान सैनिकप्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात 'कोणाला कोण दिसते' आणि 'दिसणाऱ्यावर मारा कसा करायचा' हे दोन प्रश्न मूलभूत आहेत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांना गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत मिळालेल्या उत्तरांचा मागोवा घेतला आहे. प्रशियातील पंचाधिष्ठित क्रीगश्पील, एच. जी. वेल्स यांचा स्प्रिंगच्या तोफेचा खेळ, दुसऱ्या महायुद्धातील लिव्हरपूलचे नौदल प्रशिक्षण केंद्र आणि १९६० नंतरचे छंद म्हणून खेळले जाणारे युद्धखेळ हे या प्रवासातील चार प्रमुख टप्पे होत. दृष्टिरेषेचे नियम हे केवळ तांत्रिक तपशील नसून खेळाडूला असलेले सर्वज्ञान मर्यादित करण्याचे साधन आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : युद्धखेळ, दृष्टिरेषा, पल्ला, आडोसा, पंच, प्रमाण, क्रीगश्पील.

प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही सैन्ये पूर्णपणे उघड्यावर असतात. प्रतिस्पर्ध्याचा उंट कोठे उभा आहे हे पाहण्यासाठी घोडेस्वार पाठवावा लागत नाही. किंवा प्यादे टेकडीच्या मागे लपले आहे काय, असा प्रश्नही उद्भवत नाही. चतुरंगापासून आधुनिक बुद्धिबळापर्यंत या खेळाचे सौंदर्य या संपूर्ण उघडेपणातच आहे. प्रत्यक्ष रणांगणाची स्थिती मात्र नेमकी उलट असते. धूर, धुके, झाडी, चढउतार आणि अंधार यांमुळे सेनापतीला आपलेच सैन्य धड दिसत नाही. शत्रूचे तर दूरच राहिले. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटावरून खऱ्या युद्धाच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक खेळरचनाकारासमोर एक अडचण उभी राहिली. खेळाडू टेबलाकडे वरून पाहतो, त्याला सर्व काही दिसते. परंतु तो ज्या सैनिकांना आज्ञा देतो त्यांना मात्र सर्व काही दिसता कामा नये. हा विरोध सोडविण्याचे जे जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास म्हणजेच दृष्टिरेषेच्या नियमांचा इतिहास होय.

'दृष्टिरेषा' म्हणजे पाहणाऱ्यापासून लक्ष्यापर्यंत कल्पिलेली सरळ रेषा. ही रेषा मध्ये कोठेही अडली नाही तर लक्ष्य दिसते. लक्ष्य दिसले तर त्यावर मारा करता येतो. व्याख्या सोपी आहे. परंतु ही रेषा कोठून कोठवर ओढायची, ती कोणी ओढायची, आणि ती अडली की नाही हे कोणी ठरवायचे, याविषयी एकमत क्वचितच झालेले दिसते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) युद्धखेळांतील दृष्टिरेषा व गोळीबार यांच्या नियमांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या नियमांमध्ये झालेल्या बदलांमागील कारणांचा शोध घेणे.
३) 'डोळ्यांनी पाहून ठरविलेली दृष्टिरेषा अधिक वास्तव असते' या प्रचलित समजाची तपासणी करणे.

व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचे क्षेत्र प्रामुख्याने जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांपुरते मर्यादित आहे, कारण या खेळप्रकाराची जडणघडण मुख्यतः याच देशांत झाली. संगणकावरील खेळांचा विचार येथे केलेला नाही. पटावरील युद्धखेळांचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

१. चौकटींच्या पटाकडून नकाशाकडे

ब्राउनश्वाइग येथील गणिताचे अध्यापक योहान ख्रिस्टियान लुडविग हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळावर आधारलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांच्या पटावर १,६१७ चौकटी होत्या आणि निरनिराळ्या रंगांनी भूप्रदेशाचे प्रकार दाखविलेले होते. बुद्धिबळाच्या तुलनेत हा मोठा बदल होता, कारण येथे प्रथमच जमिनीला महत्त्व आले. तरीही पट चौकटींचाच राहिला आणि दोन्ही बाजूंच्या सोंगट्या दोन्ही खेळाडूंना दिसतच राहिल्या.

पुढचे पाऊल प्रशियात पडले. गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा यास एक खास टेबल सादर केले. त्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे जुळवून नवनवीन रणभूमी तयार करता येत असे. त्यांचे पुत्र गेओर्ग हाइनरिश रुडॉल्फ योहान फॉन राइसविट्झ हे तोफखान्यातील अधिकारी होते. त्यांनी १८२४ मध्ये या खेळाला जे रूप दिले ते निर्णायक ठरले. टेबलाची जागा १:८००० प्रमाणाच्या नकाशाने घेतली. चौकटी नाहीशा झाल्या. सैन्यतुकड्यांसाठी लहान ठोकळे आले. प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या काळाचा मानला गेला. आणि दोन्ही बाजूंच्या वर एका पंचाची स्थापना झाली.

या पंचाकडेच दृष्टिरेषेची सूत्रे होती. खेळाडू आपल्या आज्ञा लेखी देत. पंच त्या अमलात आणी आणि एखादी तुकडी प्रतिपक्षाला दिसू शकेल अशी स्थिती आल्यावरच तिचा ठोकळा नकाशावर ठेवी. टेकडीमागे असलेले सैन्य नकाशावर नसेच; ते फक्त पंचाच्या नोंदीत असे.

ही व्यवस्था निवडण्यामागे प्रमाणाचेही कारण होते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. १:८००० या प्रमाणात एक किलोमीटरचे अंतर साडेबारा सेंटीमीटर भरते आणि १.७ मीटर उंचीचा माणूस ०.२ मिलिमीटर इतका होतो. दीडशे मीटरवरून झाडलेली बंदुकीची फैर नकाशावर दोन सेंटीमीटरही भरत नाही. अशा नकाशावर डोळा टेकवून कोणाला काय दिसते हे पाहणे अशक्यच होते. उतार व उंची दर्शविणाऱ्या नकाशावरील खुणा वाचून निर्णय देणारा जाणकार मनुष्य असणे हाच एक मार्ग होता.

गोळीबाराच्या बाबतीत राइसविट्झ यांनी फाशाचा उपयोग केला. हा फासा केवळ नशिबाचा नव्हता. गेरहार्ड फॉन शार्नहॉर्स्ट यांनी बंदुका व तोफांच्या प्रत्यक्ष परिणामांविषयी केलेल्या कामाचा आधार त्यामागे होता. पल्ला जितका लांब तितकी हानी कमी, आडोसा असेल तर आणखी कमी, असे कोष्टक तयार झाले आणि त्या सरासरीच्या आसपास होणारा चढउतार फाशाने दाखविला. तोफखान्यातील अधिकाऱ्याला हे ठाऊक होते की एकाच तोफेतून एकाच अंतरावर झाडलेले दोन गोळे सारखा परिणाम करीत नाहीत. सैन्यप्रमुख कार्ल फॉन म्युफ्लिंग यांनी हा खेळ पाहून तो खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशा आशयाचा अभिप्राय दिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. राइसविट्झ यांचा मात्र १८२७ मध्ये अकाली अंत झाला.

२. पंचाचा अधिकार आणि नियमांचे ओझे

राइसविट्झ यांच्यानंतर नियम वाढत गेले. कोष्टके लांबली, प्रत्येक फैरीनंतर बेरजा-वजाबाक्या कराव्या लागू लागल्या, आणि खेळाचा वेग मंदावला. याविरुद्धची प्रतिक्रिया १८७० च्या दशकात उमटली. युलियस फॉन व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांनी १८७६ मध्ये 'मुक्त' क्रीगश्पीलचा पुरस्कार केला. अनुभवी पंचाने आपल्या जाणिवेवर निर्णय द्यावा, कोष्टकांची व फाशांची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. पंच ज्येष्ठ व अनुभवी असेल तर मुक्त पद्धती वेगवान व शहाणी ठरते. परंतु त्याचबरोबर खेळाचा निकाल त्याच्या मतावर, आणि त्याच्या पूर्वग्रहावरही, अवलंबून राहतो. लष्करी श्रेणीव्यवस्थेत कनिष्ठ अधिकाऱ्याने पंचाचा निर्णय मानावा हे स्वाभाविक होते. जेथे अशी श्रेणी नाही, जेथे दोन समान दर्जाची माणसे समोरासमोर बसली आहेत, तेथे हा तोडगा चालणार नव्हता. छंद म्हणून खेळणाऱ्यांच्या जगात पुढे नेमके हेच घडले.

३. नेम धरणारा हात : जेन आणि वेल्स

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धखेळ लष्कराबाहेर पसरू लागला. फ्रेड टी. जेन यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाविक युद्धखेळात मारा करण्यासाठी एक वेगळीच युक्ती होती. खेळाडूच्या हाती लहान फळीसारखा ठोकणारा दांडा असे आणि त्याला मध्यभागापासून थोडी बाजूला एक टाचणी बसविलेली असे. शत्रूच्या जहाजाच्या चित्रावर तो आपटला की टाचणीचे छिद्र जेथे पडेल तेथे गोळा लागला, असे मानले जाई. पल्ला बदलला की चित्राचा आकार बदले. दूरच्या जहाजाचे चित्र लहान असे. टाचणी बाजूला असल्याने अचूक नेमही थोडा चुके. फाशाऐवजी हाताचे कौशल्य आणि त्याला जाणीवपूर्वक लावलेली खोट, अशी ही रचना होती.

एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेले 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लघुप्रतिमांच्या युद्धखेळाच्या इतिहासात मैलाचा दगड मानले जाते. त्यांच्या खेळाचे मूळ एका खेळण्यातील तोफेत होते. ही स्प्रिंगची तोफ सुमारे एक इंच लांबीची लाकडी कांडी फेकीत असे आणि नऊ यार्डांवरच्या सैनिकाला पाडू शके. शिशाचे पोकळ सैनिक विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून स्वस्तात उपलब्ध करून दिले होते. या दोन वस्तूंतून एक संपूर्ण खेळ उभा राहिला. पायदळाने एका डावात एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट. तोफेपासून सहा इंचांच्या आत किमान चार सैनिक असतील तरच ती झाडता यावी. एका डावात एका तोफेने चार गोळे टाकावेत, असे थोडके नियम होते.

वेल्स यांना दृष्टिरेषेचा स्वतंत्र नियम करावाच लागला नाही. खेळाडू जमिनीवर पालथा पडून तोफेच्या नळीवरून पाही. मध्ये पुठ्ठ्याचे घर असेल तर कांडी घरावर आदळे; झाडाच्या डहाळीमागे सैनिक असेल तर तो बहुधा वाचे. दिसणे, नेम धरणे, लागणे आणि पडणे या चारही गोष्टी पदार्थविज्ञानाच्या स्वाधीन होत्या. वादाला जागा फार थोडी उरे. सुरुवातीची मांडणी गुप्त राहावी म्हणून त्यांनी रणभूमीच्या मधोमध पडदा लावण्याची सोय केली होती. पडदा दूर झाला की मात्र सर्वांना सर्व दिसे.

या सरळपणाची किंमतही होती. शिपायाच्या खांद्यावरील बंदूक खरोखर झाडता येत नसल्याने वेल्स यांच्या खेळात गोळीबार फक्त तोफाच करीत. पायदळ व घोडदळ हातघाईतच लढे. दुसरे असे की सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे सैनिक साधारण १:३२ प्रमाणाचे होतात. त्या हिशेबाने नऊ यार्डांचा पल्ला प्रत्यक्षात सुमारे २६३ मीटर भरतो. ज्या खऱ्या तोफेची ती प्रतिकृती होती तिचा पल्ला मात्र कित्येक किलोमीटरांचा होता. म्हणजे दृष्टी खरी होती, परंतु अंतर खरे नव्हते.

वेल्स यांनी या पुस्तकात खऱ्या युद्धाविरुद्ध भूमिका घेतली होती. खेळातले युद्ध पाहिले की खरे युद्ध किती अवाढव्य घोडचूक आहे हे कळते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले.

अमेरिकेत फ्लेचर प्रॅट यांच्या १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाविक युद्धखेळाने वेगळी वाट धरली. मोठ्या दालनाच्या जमिनीवर जहाजांच्या प्रतिकृती मांडल्या जात. खेळाडू दिशा दाखविणारा बाण ठेवी आणि अंतराचा अंदाज इंचांत कागदावर लिहून देई. त्यानंतरच मोजपट्टी लावली जाई. गोळा जेथे पडला तेथे जहाज असेल तर मारा लागू होई. डोळ्यांनी अंतराचा अदमास घेणे हे खऱ्या तोफाधिकाऱ्याचे काम येथे खेळाडूवर सोपविले गेले.

४. लिव्हरपूलचे पडदे : जेव्हा डाव प्राणांचा होता

दृष्टिरेषेच्या नियमाने प्रत्यक्ष युद्धावर परिणाम घडविल्याचे सर्वांत ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४२ च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूल येथे 'वेस्टर्न अॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट' या केंद्राची स्थापना केली. अटलांटिक महासागरातून ब्रिटनकडे येणारे अन्नधान्य, इंधन व युद्धसामग्री यांचे ताफे जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यात बुडत होते. केंद्राचे प्रमुख गिल्बर्ट रॉबर्ट्स हे क्षयरोगामुळे नौदलातून निवृत्त करण्यात आलेले अधिकारी होते. त्यांच्या सहकारी मुख्यतः महिला नौदल सेवेतील तरुणी होत्या. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यांतील दोन प्रमुख नावे.

केंद्रातील एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर रेषांची जाळी आखलेली होती. दोन रेषांमधील दहा इंच अंतर म्हणजे एक सागरी मैल. हे प्रमाण साधारण १:७३०० इतके होते. म्हणजे राइसविट्झ यांच्या नकाशाच्या अगदी जवळचे. जहाजांच्या लहान प्रतिकृती या जमिनीवर हलविल्या जात आणि एक डाव दोन मिनिटांचा मानला जाई. येथेही कालमान राइसविट्झ यांच्याशी जुळते, हे उल्लेखनीय आहे.

संरक्षक नौकांच्या कप्तानांची भूमिका करणाऱ्या अधिकाऱ्यांना या जमिनीभोवती उभारलेल्या कापडी पडद्यांमागे बसविले जाई. पडद्यांना लहान झरोके होते. त्या क्षणी त्या नौकेवरून जेवढे दिसणे शक्य असेल तेवढेच त्यांना पाहू दिले जाई. नौकांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखले जात. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने. जमिनीच्या रंगावर हिरवी रेषा झरोक्यातून ओळखू येत नसे. खोलीत वावरणाऱ्या कर्मचारी महिलांना मात्र ती दिसे. प्रशियातील पंच जे काम आपल्या वहीत करी ते येथे पडदा, झरोका आणि खडूचा रंग यांनी केले.

या मांडणीचा पहिला मोठा उपयोग एका कोड्याच्या उकलीसाठी झाला. पाणबुड्या ताफ्याच्या बाहेर राहून, पाण्याखालून टॉर्पेडो सोडतात, असा नौदलात समज होता. १९४१ च्या डिसेंबरमधील एच.जी. ७६ या ताफ्याच्या लढाईची जमिनीवर फेरमांडणी करताना रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की ताफ्याच्या मध्यभागातील जहाजावरचा हल्ला बाहेरून झालेला असणे जुळत नाही. पाणबुडी ताफ्याच्या आतच असली पाहिजे. मग ती आत शिरली कशी? उत्तर दृष्टिरेषेत होते. संरक्षक नौकांची नजर पुढे व बाजूंना असे. ताफ्याचा पिछाडीचा भाग दुर्लक्षित राही. रात्री पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, आपल्या बुटक्या आकाराचा फायदा घेऊन पाणबुडी जहाजांच्या रांगांत शिरे. जवळून मारा करी. नंतर बुडी मारून ताफा पुढे निघून जाण्याची वाट पाही. पृष्ठभागावरील पाणबुडी ध्वनिशोधक यंत्रालाही सहजासहजी सापडत नसे.

हे ध्यानात आल्यावर 'रास्पबेरी' नावाचा प्रतिडाव आखण्यात आला. हे नाव जीन लेडलॉ यांनी सुचविले होते. हिटलरला वेडावून दाखविणे हा त्याचा अर्थ. हल्ला होताच संरक्षक नौकांनी इतस्ततः धावण्याऐवजी ठरलेल्या रचनेत ताफ्याच्या मागील पाण्याची झडती घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. वेस्टर्न अॅप्रोचेसचे प्रमुख अॅडमिरल पर्सी नोबल यांनी प्रात्यक्षिक पाहून त्यास मान्यता दिली. १९४२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या जागी आलेले मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धातील नामांकित पाणबुडी कप्तान होते. त्यांनी या जमिनीवर पाणबुडीची बाजू घेऊन पाहिली, तेव्हा समोर संरक्षणाची सूत्रे हलविणाऱ्या जॅनेट ओकेल यांनी त्यांना वारंवार गाठले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या केंद्रातून शिकून गेले.

पाणबुड्यांविरुद्धच्या लढ्यात रडार, विमाने, गुप्त संदेशांची उकल आणि नौकांची वाढती संख्या यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे सर्व श्रेय एका खोलीला देणे योग्य ठरणार नाही. तथापि झरोक्यातून पाहावयास शिकलेला अधिकारी समुद्रावर गेल्यानंतर 'मला काय दिसत आहे' याबरोबरच 'मला काय दिसत नाही आणि का' हाही प्रश्न विचारू लागला, हे या केंद्राचे खरे फलित म्हणावे लागेल.

५. पंचाविना खेळ : १९६० नंतरचा छंद

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धखेळ हा घरगुती छंद बनला. डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये या छंदाला लोकमान्यता मिळाली. वेल्स यांच्या दालनाऐवजी जेवणाचे टेबल आले. प्रतिमा लहान झाल्या. रंगविलेल्या प्रतिमांवर लाकडी कांड्या फेकणे कोणाला परवडेना. स्प्रिंगच्या तोफेची जागा पुन्हा फाशाने घेतली. मात्र या वेळी पंच नव्हता.

पंच गेल्यामुळे दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे गुप्तता जवळजवळ संपली. दोन्ही सैन्ये टेबलावर उघडी आली. लपलेल्या सैन्यासाठी कागदी चिठ्ठ्या किंवा नकाशावरील नोंदी अशा सोयी काही नियमांत राहिल्या तरी त्या अपवादात्मकच. दुसरी म्हणजे दृष्टिरेषेचा निर्णय दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत करावयाचा झाला. साहजिकच नियमांची भाषा कायद्याच्या भाषेसारखी काटेकोर होत गेली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या, विशेषतः फिल बार्कर यांच्या, नियमपुस्तकांत ही प्रवृत्ती स्पष्ट दिसते.

चार्ल्स ग्रँट यांनी १९७१ च्या 'द वॉर गेम' या पुस्तकात अठराव्या शतकातील तोफांसाठी आकृत्यांचा उपयोग केला. तोफेच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा साचा ठेवायचा आणि त्याखाली येणाऱ्या प्रतिमा छर्ऱ्यांच्या माऱ्यात सापडल्या असे मानायचे. भरीव गोळ्याच्या उसळ्या दाखविण्यासाठी खुणा केलेली काठी वापरायची. वेल्स यांचा हात आणि राइसविट्झ यांचे कोष्टक यांमधला हा तोडगा होता.

याच काळात पटावरील युद्धखेळांत एक बोधप्रद त्रुटी उघड झाली. १९७० च्या 'पॅन्झरब्लिट्झ' या खेळात आपल्या डावात हलणाऱ्या रणगाड्यांवर प्रतिपक्षाला वाटेत गोळीबार करता येत नसे. परिणामी रणगाडे एका झाडीतून निघून उघड्या मैदानावरून दुसऱ्या झाडीत सुखरूप पोहोचत आणि डाव संपताना ते नेहमी लपलेलेच असत. खेळाडूंनी या प्रकाराला थट्टेने 'पॅन्झरबुश' असे नाव दिले. १९७४ च्या 'पॅन्झर लीडर' मध्ये वाटेतील गोळीबाराची तरतूद करून ही त्रुटी दूर करण्यात आली. दृष्टी ही केवळ जागेची नव्हे तर काळाचीही बाब आहे, हा यातील धडा होय. १९७७ च्या 'स्क्वॉड लीडर' मध्ये दोन षट्कोनांच्या मध्यबिंदूंवर दोरा ताणून दृष्टिरेषा तपासली जाई. नकाशा सपाट असल्याने दोऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा निःसंदिग्ध मिळे.

६. 'खरी' दृष्टिरेषा आणि तिच्या मर्यादा

लघुप्रतिमांच्या खेळात मात्र टेबल त्रिमितीय असते आणि म्हणूनच मोह मोठा असतो. प्रतिमेच्या डोळ्यांशी आपला डोळा नेऊन पाहिले की उत्तर मिळते, मग नियमांची गरज काय, असे वाटणे साहजिक आहे. 'वॉरहॅमर ४०,०००' या १९८७ मध्ये रिक प्रीस्टली यांनी रचलेल्या खेळाच्या आवृत्त्यांत या मोहाचा आणि त्यातून आलेल्या अडचणींचा आलेख स्पष्ट दिसतो. २००४ च्या चौथ्या आवृत्तीत भूप्रदेश व प्रतिमा यांना उंचीचे टप्पे दिले होते आणि वनासारख्या क्षेत्रातून किती अंतरापर्यंत दिसते हे नियमाने ठरविले होते. २००८ च्या पाचव्या आवृत्तीत हे टप्पे जाऊन 'खरी दृष्टिरेषा' आली. पाहणाऱ्या प्रतिमेच्या डोळ्यांपासून लक्ष्याच्या शरीरापर्यंत पाहावे. पंख, निशाण, शस्त्र दिसत असेल तर ते धरू नये, असे ठरले.

या पद्धतीतील अडचण लवकरच उघड झाली. गुडघे टेकलेली प्रतिमा भिंतीआड लपते आणि उभी प्रतिमा दिसते. म्हणजे मूर्तिकाराने निवडलेली शरीराची ठेवण हीच लष्करी गुणवत्ता ठरू लागली. प्रत्यक्ष सैनिक गोळी येताच खाली वाकतो. धातूची वा प्लास्टिकची प्रतिमा वाकू शकत नाही. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत प्रतिमेचा कोणताही भाग दिसला तरी पुरे, असा नियम झाला. तेव्हा भग्न इमारतीच्या खिडकीतून दिसणाऱ्या टोकावरही मारा शक्य झाला. २०२० च्या नवव्या आवृत्तीने पुरेशा उंचीचा विशिष्ट भूप्रदेश, त्याला प्रत्यक्षात फटी असल्या तरी, दृष्टी अडवितो असे जाहीर केले. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीतही भग्न इमारतींच्या पलीकडचे दिसत नाही, हा संकेत कायम राहिला. म्हणजे डोळ्यांवर सोपविलेला निर्णय पुन्हा नियमाकडे आला.

'इन्फिनिटी' या २००५ मधील स्पॅनिश खेळाने प्रतिमेऐवजी ठरावीक आकाराचे काल्पनिक दंडगोल मानण्याचा मार्ग पुढील आवृत्तीत स्वीकारला; त्यामुळे प्रतिमेची ठेवण गौण ठरली. याच खेळात शत्रूने हालचाल करताच त्याला पाहणाऱ्या प्रत्येक सैनिकाला प्रतिक्रिया देण्याचा हक्क मिळतो. 'पॅन्झरबुश'च्या त्रुटीवरील हा अधिक परिपूर्ण उपाय म्हणता येईल.

'खऱ्या' दृष्टिरेषेच्या वास्तवतेविषयीचा मूळ आक्षेप मात्र प्रमाणाचा आहे. २८ मिलिमीटर उंचीची प्रतिमा साधारण १:६० प्रमाणाची असते. या खेळांत बंदुकीचा पल्ला २४ इंच धरला तर प्रतिमेच्या प्रमाणाने तो सुमारे ३७ मीटर भरतो. अर्थात टेबलावरील अंतरे आणि टेबलावरील उंची ही दोन वेगवेगळ्या प्रमाणांची असतात. ऐतिहासिक लढायांच्या खेळात तर एक प्रतिमा वीस सैनिकांची प्रतिनिधी मानण्याचा प्रघात आहे. अशा स्थितीत एका प्रतिमेच्या डोळ्यांतून पाहणे म्हणजे चिन्हाला वस्तू समजणे होय. जी पद्धती सर्वांत वास्तव भासते ती प्रमाणाच्या कसोटीवर सर्वांत कमी वास्तव ठरते.

मोजपट्टीचा वादही याच स्वरूपाचा आहे. प्रॅट यांच्या खेळात अंतराचा अंदाज हा खेळाचा गाभा होता. 'वॉरहॅमर ४०,०००' च्या २०१२ मधील सहाव्या आवृत्तीने मात्र केव्हाही अंतर मोजण्याची मुभा दिली. अंदाजाच्या पद्धतीत अनुभवी किंवा तीक्ष्ण नजरेच्या खेळाडूला फायदा मिळे. मोजण्याच्या मुभेने तो दूर झाला, परंतु त्याबरोबर सैनिकाच्या मनातील अनिश्चितताही गेली. न्याय्यता आणि अनिश्चितता यांपैकी एकीची वाढ दुसरीच्या मोबदल्यात होते, असे येथे दिसून येते.

निष्कर्ष

१) दृष्टिरेषेच्या नियमांचे स्वरूप मुख्यतः तीन गोष्टींनी ठरते : खेळाचे प्रमाण, पंचाची उपस्थिती आणि खेळाचा हेतू. लहान प्रमाणाच्या खेळात पंच किंवा पडदा अपरिहार्य ठरतो. मोठ्या प्रतिमांच्या खेळात डोळ्यावर विसंबण्याची प्रवृत्ती बळावते.

२) गोळीबाराच्या निर्णयासाठी कौशल्य, फासा, कोष्टक व साचा अशी साधने आलटून पालटून आली. त्यांत सरळ रेषेतील प्रगती दिसत नाही. प्रत्येक साधनाने एक अडचण सोडविताना दुसरी निर्माण केली.

३) डोळ्यांनी पाहून ठरविलेली दृष्टिरेषा अधिक वास्तव असते, हा समज टिकणारा नाही. उंची व अंतर यांची प्रमाणे भिन्न असल्याने ती वास्तवाचा केवळ आभास निर्माण करते.

४) पंचाच्या अभावी गुप्ततेचा लोप झाला, ही छंद म्हणून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाने दिलेली सर्वांत मोठी किंमत होय. राइसविट्झ यांच्या नकाशावर आणि लिव्हरपूलच्या जमिनीवर जे साधले होते ते नंतरच्या टेबलावर बहुतांशी हरवले.

५) इतिहासाच्या अध्यापनाच्या दृष्टीने हा विषय उपयुक्त आहे. लढाईचा नकाशा समोर ठेवून सेनापतीच्या चुका दाखविणारा विद्यार्थी नकळत टेबलावरून पाहणाऱ्या खेळाडूच्या जागी बसलेला असतो. त्या क्षणी, त्या ठिकाणाहून, त्या सेनापतीला काय दिसू शकत होते, हा प्रश्न आधी विचारण्याची सवय लावण्यासाठी पडदा व झरोका यांचा साधा प्रयोग वर्गातही करता येण्यासारखा आहे.

समारोप

हेलविग यांच्या रंगीत चौकटींपासून आजच्या प्लास्टिक प्रतिमांपर्यंत युद्धखेळाची साधने पुष्कळ बदलली. परंतु ज्याला सर्व दिसते त्याने, ज्याला थोडेच दिसते त्याच्या वतीने निर्णय कसा घ्यावा, हा प्रश्न बदललेला नाही. नियमपुस्तकांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत त्याचे नवे उत्तर शोधले जाते. या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर १९४२ मध्ये एका खोलीच्या जमिनीवर दिले गेले, आणि त्यासाठी लागलेले साहित्य म्हणजे कापड, खडू आणि आपल्याला सर्व काही दिसत नाही हे मान्य करण्याची तयारी, एवढेच होते.